हार्वर्ड वनातील मृदातापन प्रयोग

हवामान तापत गेल्यास वनातील जमीन कशी वागेल, हे प्रत्यक्ष जमीन तापवून पाहणारा हा प्रयोग अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, पीटरशॅम येथील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधन-वनात १९९१ मध्ये सुरू झाला. जमिनीच्या वरच्या एक मीटर थरात जगभर मिळून सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. तो वातावरणातील कार्बनाहून कितीतरी अधिक असल्याने त्याचा लहानसा अंश सुटला तरी तापमानवाढीला नवे इंधन मिळते.

ओक, मेपल यांसारख्या पानझडी वृक्षांखाली सहा मीटर लांबी-रुंदीचे अठरा वाफे आखण्यात आले. त्यांपैकी सहा वाफ्यांत दहा सेंटिमीटर खोल विजेच्या तारा पुरून माती शेजारच्या जमिनीपेक्षा सतत ५° से. अधिक उष्ण ठेवली गेली. दुसऱ्या सहांत तारा पुरल्या, पण वीज सोडली नाही, आणि उरलेल्या सहांना हातच लावला नाही. खणण्याचा परिणाम कोणता आणि उष्णतेचा कोणता, हे या मांडणीमुळेच वेगळे करता आले, आणि प्रयोगाची खरी ताकद इथेच आहे.

परिसंस्थांचे अभ्यासक जेरी मेलिलो व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेले २६ वर्षांचे निष्कर्ष अनपेक्षित होते. पहिली सुमारे दहा वर्षे सूक्ष्मजीवांनी सहज कुजणारे द्रव्य वेगाने फस्त केले आणि तापवलेल्या मातीतून कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडला. मग काही वर्षे हा फरक जवळजवळ मिटला. उष्णतेशी माती जुळली असे वाटत असतानाच २००८च्या सुमारास उत्सर्जन पुन्हा वाढले, कारण दरम्यान सूक्ष्मजीवांचा समुदाय पालटून लिग्निनसारखी (लाकडाला कणखरपणा देणारा घटक) चिवट द्रव्येही कुजू लागली होती. २०१४ नंतर पुन्हा संथ काळ आला. या चढउतारांत वरच्या ६० सेंटिमीटर थरातील सुमारे १७ टक्के कार्बन नाहीसा झाला. दहाव्या-बाराव्या वर्षी प्रयोग आवरला असता, तर उलटाच निष्कर्ष निघाला असता.

कुजण्यासोबत नत्रही मोकळे होते. त्याच वनात २००३ पासून तापवलेल्या मोठ्या वाफ्यातील झाडे या नत्रावर अधिक वाढली आणि मातीतून गेलेल्या कार्बनाचा काही भाग लाकडात साठला. येथे केवळ माती तापवली जाते, झाडांचे शेंडे नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. शिवाय हे आकडे सह्याद्रीच्या जांभ्या जमिनीला जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण तिथे उन्हाळ्यात सुकलेली माती पहिल्या पावसाने भिजताच सूक्ष्मजीव एकदम जागे होतात आणि कुजण्याच्या वेगात उष्णतेइतकाच ओलाव्याचाही वाटा असतो.