म्हातारा गेला की लायब्ररी जळते, ही आफ्रिकन म्हण नाहीये!

"आफ्रिकेत म्हातारा माणूस गेला की अख्खी लायब्ररी जळते" ही प्राचीन आफ्रिकन म्हण म्हणून वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतेय, पण हा विचार मालीचे लेखक आमादू हाम्पाते बा यांचा, तोंडी परंपरा नोंदवून ठेवा म्हणून युनेस्कोत तळमळीने मांडलेला. आणि यावरून लोक धरून चालतात की तिकडच्या कादंबऱ्यांत म्हातारे म्हणजे झाडाखाली बसून शहाणपण सांगणारे आजोबाच.

तसं अजिबात नाहीये. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेंच्या 'अॅरो ऑफ गॉड' (१९६४) या कादंबरीतला म्हातारा पुजारी एझेउलू असा हट्टाला पेटतो की नव्या यामचा (सुरणासारख्या कंदाचा) सण जाहीरच करत नाही, आणि सणाआधी कंद काढायचे नसतात, मग ते जमिनीतच सडतात, गाव उपाशी मरायला लागतं आणि शेवटी त्याचं स्वतःचं डोकं फिरतं. नायजेरियन लेखिका बुची एमेचेटांच्या 'द जॉइज ऑफ मदरहुड' कादंबरीची नायिका न्नू एगो तर मला विसरताच येत नाही, जन्मभर मुलांसाठी खपली, मुलं शिकायला परदेशी गेली आणि ही रस्त्याच्या कडेला एकटी मेली, कुणी हात धरायलाही नव्हतं.

डायस्पोरातही, म्हणजे परदेशात राहणाऱ्या आफ्रिकनांच्या गोष्टींतही तेच, सारा लाडिपो मनयिकांच्या कादंबरीतली मोरायो पंच्याहत्तरीला टेकलेली, सॅन फ्रान्सिस्कोत एकटी राहणारी रिटायर्ड प्रोफेसर, पुस्तकं आणि जुनी पोर्श जिवापाड जपणारी, कुणाची आजी नाही.