दहा जूनची तारीख आणि नोव्हेंबरचा धूर

पंजाबात १० जूनच्या आधी भाताची लावणी केली तर हेक्टरी दरमहा १०,००० रुपये दंड. शिवाय सरकारी माणसं येऊन लावलेलं रोप मोडून टाकणार आणि त्याचा खर्चही शेतकऱ्याच्याच माथी. भूजल वाचवण्यासाठी तिथल्या विधानसभेने २००९ साली केलेला कायदा मुळात असा होता. हरियाणानेही त्याच वर्षी असाच कायदा केला. रोप कोणत्या तारखेला लावायचं हे कायद्याने ठरवावं, अशी उदाहरणं फार नाहीत. हेतू चांगला होता, मागचं विज्ञानही पक्कं होतं. तरी त्याचा एक परिणाम थेट दिल्लीकरांच्या छातीत जाऊन बसला. तो कसा, हे कळायला आधी फुकट विजेकडे वळावं लागतं.

पंजाबी माणूस मुळात रोटी खाणारा. १९६०-६१ साली तिथे भात होता जेमतेम सव्वादोन लाख हेक्टरांवर. आज तो तीस लाखांच्या पुढे आहे. लोकांची जीभ बदलली नाही, बाजार बदलला. १९६४च्या कायद्याने भारतीय अन्न महामंडळ उभं राहिलं, पाठोपाठ हमीभाव आला, आणि मंडीत नेलेलं धान सरकार घेणारच अशी खात्री झाली. हमीभाव मका-मुगालाही जाहीर होतो, पण तो द्यायला कोणी उभं असेलच असं नाही. तुरीची पोती घेऊन खरेदी केंद्राबाहेर मुक्काम ठोकलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

मग १९९७ साली शेतीपंपांची वीज मोफत झाली. मधली थोडी वर्षं सोडली तर ती आजही मोफत आहे. मीटर नाही, बिल नाही. वीज अवेळी येते, म्हणून पंपाला ‘ऑटो’ लावून ठेवायचा. वीज आली की पंप आपोआप सुरू. हे यंत्र आपल्याकडेही गावोगाव आहे. रात्री दोनला पंप सुरू झाला, वाफे भरून पाणी बांधावरून वाहू लागलं, तरी तो बंद करायला उठण्याचं काही कारण उरत नाही, कारण जास्तीच्या तासाचा एक पैसाही लागत नाही. शेतकऱ्याला उधळ्या म्हणणं सोपं आहे. फुकटच्या वस्तूबाबत आपण शहरात कसे वागतो ते आठवलं तर तसं म्हणायला जीभ रेटत नाही.

या उपशाचा हिशेब पंपांच्या बदलत्या रूपातच दिसतो. जुने पंप जमिनीवर बसवलेले असत. असा पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो. खरं तर तो नळीतला दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हवेचा हा जोर सुमारे दहा मीटरला संपतो, प्रत्यक्षात सात-आठ मीटरलाच. पाणी त्याखाली गेलं तसे पंजाबी शेतकऱ्यांनी खड्डे खणून पंप त्यात उतरवले. पाणी आणखी खाली गेलं, तेव्हा पाण्यातच बुडवून वर ढकलणारे सबमर्सिबल आले. खोली दुप्पट झाली की तेवढंच पाणी वर आणायला वीजही दुप्पट लागते. पण ती फुकट असल्यामुळे खोलीची झळ शेतकऱ्यापर्यंत पोचतच नाही.

इथे महाराष्ट्र आणि पंजाब यांच्यात एक मोठा फरक आहे. आपल्या बहुतेक भागाखाली बेसाल्टचा काळा कातळ. त्यात पाणी मावतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. विहीर मार्च-एप्रिलमध्ये तळ दाखवते आणि उपसा आपसूक थांबतो. आपली टंचाई अशी डोळ्यांसमोर असते. पंजाबाखाली मात्र नद्यांनी आणून टाकलेल्या गाळ-वाळूचे शेकडो मीटर जाडीचे थर आहेत. पाणी संपत नाही, फक्त खाली जातं. थांब म्हणायला खाली कातळ नाही आणि वर बिल नाही. त्यामुळे उपसायला योग्य म्हणून जेवढं पाणी धरलं जातं, त्याच्या दीडपटीहून अधिक तिथे दरवर्षी उपसलं जातं.

१० जूनचा कायदा आला तो या पार्श्वभूमीवर. भातखाचरातलं पाणी दोन वाटांनी जातं. काही खाली झिरपतं. त्यातलं बरंचसं फिरून भूजलालाच मिळतं. उरलेल्याची वाफ होते आणि ते शिवार त्याला कायमचं मुकतं. मे अखेरीस पारा चाळिशीपार असताना उघड्या पाण्यातून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर सहज उडून जातं. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर, तेव्हा रोजची गळती हेक्टरी लाखभर लिटरच्या घरात. जून सरता सरता मान्सून पोचतो, हवा दमट होते आणि ही वाफ बरीच कमी होते. लावणी पुढे ढकला, म्हणजे खरोखर वाया जाणारं पाणी वाचेल, असा हा हिशेब होता. कागदावर त्यात खोट काढता येत नाही. वीज फुकट राहिली, भाताची खरेदीही तशीच राहिली. हलली ती फक्त तारीख. मतं जाणार नाहीत अशी तेवढी एकच गोष्ट सरकारला सापडली असावी.

पण लावणी पुढे गेली की कापणीही पुढे जाते. त्या काळात जोरात असलेलं ‘पुसा ४४’ हे वाण पेरणीपासून तयार व्हायला तब्बल १६० दिवस घेई. म्हणजे कापणी ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात. गहू तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरायलाच हवा. उशीर झाला की मार्चच्या उन्हात दाणा पोचट राहतो. मध्ये हाती उरतात दोन-तीन आठवडे.

शेतात काय असतं ते पाहा. कंबाइन हार्वेस्टर वरच्या लोंब्या कापून पुढे जातो. खाली फूट-सव्वाफुटाची धसकटं उभी, आणि यंत्राच्या मागे सुट्ट्या पेंढ्याची लांबच लांब ओळ. पेरणीयंत्र घातलं की हा पेंढा फणांत अडकतो. गव्हाचं काड जनावरं आवडीने खातात. भाताच्या पेंढ्यात सिलिका, म्हणजे वाळूतलाच खरखरीत घटक, भरपूर, त्यामुळे तिथे त्याला फारशी मागणी नाही. मजूर लावून तो उचलायला पैसा आणि वेळ दोन्ही हवे. आगकाडी ओढणं त्याहून कितीतरी स्वस्त. दरवर्षी सुमारे दोन कोटी टन पेंढा तयार होतो आणि त्याचा मोठा भाग असा पेटवला जाई.

पेंढा पूर्वीही जाळत, पण कापणी लवकर होई आणि जाळणं जास्त दिवसांत विखुरलेलं असे. शिवाय ऑक्टोबरच्या सुरुवातीला जमीन दिवसा चांगली तापते आणि धूर वर जाऊन पांगतो. नोव्हेंबरात रात्री जमीन झपाट्याने गार होते. तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन खालीच बसते, वर उबदार हवेचं झाकण. वायव्येचा मंद वारा हा कोंडलेला धूर दिल्लीकडे लोटतो. २०१९ साली ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, भूजलाच्या या कायद्यांमुळे आगी थोड्या दिवसांत एकवटल्या, त्यांचं शिखर जवळजवळ ४० टक्क्यांनी उंचावलं आणि हवेतले सूक्ष्म कण सुमारे ३० टक्क्यांनी वाढले. दिल्लीची हवा वाहनं, धूळ आणि कारखानेही बिघडवतातच; या काही आठवड्यांत त्यात ही भर पडते.

मग धुरावर उपाय म्हणून आणखी एक अनुदान आलं. धसकटांतच गहू पेरणाऱ्या ‘हॅपी सीडर’सारख्या यंत्रांवर केंद्राने २०१८ पासून ५० टक्के, आणि गटाने घेतल्यास ८० टक्के सूट दिली. यंत्र चांगलं आहे. पण वर्षातले वीस दिवस चालणाऱ्या या यंत्राला दमदार ट्रॅक्टर लागतो, आणि त्या वीस दिवसांत ते साऱ्या गावाला एकदमच हवं असतं. मला त्याहून २०१८चाच दुसरा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. ‘पाणी बचाओ, पैसे कमाओ’ या योजनेत शेतकऱ्याला विजेचा ठरावीक वाटा दिला आणि त्यातलं जे युनिट वाचेल त्याला ४ रुपये. अनुदान कायम, फक्त पंप बंद करायला उठण्याचं कारण मिळालं. ती प्रायोगिक पातळीच्या फार पुढे गेली नाही. महाराष्ट्रातही २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. ती सूट पंपाच्या आकारावर मोजली जाते, वाचलेल्या पाण्यावर नाही.

पंजाबने दरम्यान तारीख २० जूनपर्यंत नेली, मग १३वर आणली, आणि २०२५ साली विभागवार १ जूनपासूनच लावणीला परवानगी दिली. ‘पुसा ४४’वर बंदी आली आणि १२३ दिवसांत तयार होणारं ‘पीआर १२६’ पुढे आलं. पाणी कमी, कापणी लवकर, गव्हाला वेळ. पण २०२४च्या हंगामात सरकारी धान भरडणारे गिरणीवाले अडून बसले. अन्न महामंडळाच्या नियमाने १०० किलो धानातून ६७ किलो तांदूळ द्यावा लागतो, आणि या वाणातून तेवढा उतारा पडत नाही, अशी त्यांची तक्रार. मंडीत धानाचे ढीग साचले, आणि पुढच्या वर्षी कोणतं बी घ्यायचं याचा विचार शेतकरी त्या ढिगांशेजारी बसूनच करत होता.