‘यी ओल्ड’ असं कुणीच म्हणत नव्हतं

इंग्लंडच्या लेस्टरशायरमधल्या मेल्टन मोब्रे या गजबजलेल्या बाजारगावात पोर्क पायच्या, म्हणजे डुकराचं मांस भरलेल्या पाईच्या, नामांकित दुकानावर पाटी आहे: ‘यी ओल्ड पोर्क पाय शॉप’. जुने इंग्रज ‘द’ या शब्दाला ‘यी’ म्हणत, हा समज अशा पाट्यांनीच पक्का केलाय. तो साफ चुकीचा आहे. ‘द’च्या सुरुवातीच्या उच्चारासाठी इंग्रजीत थॉर्न नावाचं स्वतंत्र अक्षर होतं: उभी दांडी, मधे पोट. हस्तलिखितांत ते पोट वरून उघडत गेलं आणि अक्षर हुबेहूब वायसारखं दिसू लागलं. युरोपातून आलेल्या छपाईच्या खिळ्यांत थॉर्न नव्हता, म्हणून छापणाऱ्यांनी वाय बसवला. १६११च्या बायबलमध्येही काही ठिकाणी वायच्या डोक्यावर बारीक ई दिसतो. वाचणारे मात्र ‘द’च वाचायचे! ‘तुम्ही’ या अर्थाचा जुना ‘यी’ होता खरा, पण तो शब्दच वेगळा.