कुत्र्यांचे नेत्रविकार (ग्रामीण विदर्भ)

इजा, जंतुसंसर्ग किंवा अंगातल्या आजारामुळे कुत्र्याच्या डोळ्यांत उद्भवणारे विकार. विदर्भात जागलीला (रात्री पिकाची राखण करायला) माणसासोबत कुत्रा वावरात जातोच, आणि डोळ्याच्या बहुतेक इजा त्याला तिथेच होतात : पराटीचे (कपाशीच्या झाडाचे) टोक लागते, रानडुकराशी झटापट होते, फवारणीचे औषध उडते.

सर्वांत फसवे कुसळ, म्हणजे गवताच्या बीचे टोकदार तूस. पावसाळा सरून धुऱ्यावरचे (बांधावरचे) गवत वाळले की त्याचे दिवस येतात. कुसळाच्या टोकावर उलटे केस असल्याने ते पुढेच सरकते, मागे येत नाही. कुत्र्याला नाकाकडच्या कोपऱ्यात तिसरी पापणी असते. तिच्यामागे ते दडले की बाहेरून काही दिसत नाही. कुत्रा एक डोळा मिटून घेतो, पंजाने चोळतो, तोंड मातीला घासतो, गाल सतत ओला राहतो. मिटलेला डोळा म्हणजे दुखणारा डोळा. दोन दिवस वाट पाहण्याची ही गोष्ट नाही.

एकच डोळा बिघडला तर आधी इजेचा संशय घ्यावा. दोन्ही बिघडले तर अंगात आजार शोधावा. पिल्लाच्या दोन्ही डोळ्यांत पिवळी चिपडे, नाक वाहते आणि ताप असेल तर डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग असू शकतो. गोमाश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा रोगात बुबुळे निळसर-पांढरी होतात. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात डोळ्याच्या आत रक्त उतरू शकते.

बुबुळ पांढरे पडले की ‘फूल पडले’ म्हणतात आणि तंबाखू, मीठ किंवा चुना घालतात. यातला चुना डोळा जाळतो. कोनाड्यात उरलेली माणसाच्या डोळ्याच्या मलमाची ट्यूबही तितकीच घातक ठरू शकते : तिच्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल, तर जखम खोल जाऊन डोळा फुटू शकतो. डॉक्टर आधी रंगद्रव्याचा थेंब टाकून निळ्या उजेडात पाहतात; जखम हिरवी चमकते.

घरी करण्यासारखे थोडेच आहे, पण ते तातडीने करावे. उकळून गार केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ घालून डोळा धुवावा. चुना किंवा फवारणीचे औषध गेले असेल तर मिठाची वाट न पाहता साध्या स्वच्छ पाण्याची धार किमान १५-२० मिनिटे धरावी. रुतलेले काही ओढू नये. कुत्रा डोळा खाजवत असेल तर जुन्या बादलीचा बूड कापून गळ्यात अडकवावा. मग १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करावा किंवा तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. अवघड रुग्ण नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात (स्थापना १९५८) नेता येतात. लाल, टणक, फुगलेला डोळा काचबिंदूचा असू शकतो. त्यात दृष्टी काही तासांतही जाते.

म्हाताऱ्या कुत्र्याला दिसते की नाही, हे कापसाने कळते. एक डोळा झाकून दुसऱ्यासमोर बोळा खाली सोडावा. त्याचा आवाज होत नाही, वाराही लागत नाही. दिसत असेल तर नजर त्याच्यामागे जाते. दिसत नसेल तर पाण्याचे भांडे आणि बाज जागची हलवू नये, आणि बिनकठड्याच्या विहिरीकडे त्याला मोकळे सोडू नये.