मोठं गिऱ्हाईक समोर असलं की मर्जर बिनधोक असतं का?

दोन सप्लायर कंपन्या एकत्र यायला निघाल्या की स्पर्धा आयोगासमोर एक मुद्दा हमखास मांडतात, आमची गिऱ्हाईकंच एवढी तगडी आहेत की आम्हाला भाव वाढवताच येणार नाहीत. कधीकधी हे खरंही असतं. बाजारात एका बाजूला ताकद गोळा झाली की समोरच्या बाजूलाही तिला तोंड देणारी ताकद उभी राहते, असं गॅलब्रेथ या अर्थतज्ज्ञाने 1952 मध्येच मांडलं होतं, आणि भारताच्या 2002 च्या स्पर्धा कायद्यातही मर्जर तपासताना ही ताकद किती आहे ते बघायला सांगितलंय.

1998 ची युरोपातली केस यासाठी बघण्यासारखी आहे. फिनलंडची एन्सो आणि स्वीडनची स्टोरा, दोघी दूध-ज्यूसच्या खोक्यांना लागणारा पुठ्ठा बनवायच्या, आणि मर्जरनंतर युरोपातला अर्ध्याहून जास्त बाजार त्यांच्याकडे जाणार होता. एरवी एवढ्यावरच गाडं अडतं, पण समोर ही खोकी बनवणारी टेट्रा पॅक होती, जी एकटीच यातला बहुतेक माल उचलायची. आता पुठ्ठ्याच्या मिलचा बराचसा खर्च ठरलेला असतो, माल कमी काढला म्हणून तो कमी होत नाही, त्यामुळे मशीन भरून चालवावीच लागतात आणि अशा गिऱ्हाइकाने थोडी ऑर्डर जरी दुसरीकडे वळवली तरी मिलचं गणित बिघडतं, शिवाय एवढी ऑर्डर हातात असली की दुसऱ्या सप्लायरला सांगता येतं, तू कपॅसिटी वाढव, माल आम्ही घेतो. युरोपियन कमिशनने मर्जरला परवानगी दिली.

म्हणजे खरा जोर येतो तो दुसरीकडे जाता येण्यातून, आणि हे लक्षात न घेता नुसता गिऱ्हाइकाचा आकार बघून निर्णय झाला तर तो चुकणार असं माझं ठाम मत आहे. समजा एखादा मोठा खरेदीदार आजवर दोन सप्लायरना एकमेकांविरुद्ध खेळवून भाव पाडत होता आणि आता तेच दोघं एक होतायत, तर खरेदीदार तेवढाच मोठा राहतो पण त्याच्या हातातलं हत्यार जातं. म्हणूनच मर्जर तपासण्यासाठीच्या युरोपच्या 2004 च्या गाइडलाइन्स म्हणतात की खरेदीदाराची ताकद मर्जरनंतरही टिकली पाहिजे.

त्याच गाइडलाइन्समध्ये दुसरी अटही आहे आणि ती मला जास्त मोलाची वाटते. मोठ्याने घासाघीस करून स्वतःचा भाव वाचवला तर छोट्यांचं काय? प्रत्येकाशी वेगळा सौदा होत असेल तर मोठ्याला मिळालेली सूट छोट्यापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे फक्त ताकदवान गिऱ्हाईकं वाचत असतील तर तेवढं पुरेसं धरत नाहीत. एन्सो-स्टोराच्या वेळीही इलोपॅक आणि एसआयजी कॉम्बिब्लॉक हे छोटे खरेदीदार होते, आणि त्यांना भाववाढीपासून संरक्षण द्यायचं कबूल केल्यावरच कंपन्यांना हिरवा कंदील मिळाला.