एनिड ब्लायटन यांची पुस्तके इतरांनी लिहिली होती का?

इतकी पुस्तके एकट्या बाईने लिहिणे अशक्य, त्यामागे भाडोत्री लेखकांचा ताफा असणार, ही इंग्रज बालसाहित्यकार एनिड ब्लायटन यांच्याविषयीची वदंता त्यांच्या हयातीतच पसरली होती आणि ती निराधार आहे. ती पसरवणाऱ्या दक्षिण आफ्रिकेतील एका ग्रंथपालाविरुद्ध त्यांनी १९५५ मध्ये न्यायालयात दाद मागितली, तेव्हा त्या व्यक्तीला जाहीर माफी मागावी लागली. आपण आधी आराखडा न आखता, मांडीवर टंकलेखन यंत्र घेऊन, डोळ्यांपुढे उलगडणारी गोष्ट थेट टंकित करतो, असे त्यांनी मानसशास्त्रज्ञ पीटर मॅकेलर यांना पत्रांतून कळवले होते. या झपाट्यामुळे कथानकांत तोचतोपणा आला, ही टीका मात्र रास्त आहे. १९४२ ते १९६३ दरम्यानच्या त्यांच्या ‘फेमस फाइव्ह’ या मुलांसाठीच्या साहसकथा-मालिकेतील २१ कादंबऱ्या सलग वाचणाऱ्याला ती सहज पटेल.