शिवसुमन आणि माळढोक : वर्गीकरण व संवर्धन

शिवनेरीच्या कड्यावर वाढणारे शिवसुमन, म्हणजेच शिंदळ माकुडी, आणि सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर एकेकाळी सहज दिसणारा माळढोक पक्षी हे दोन्ही जीव आज अत्यंत दुर्मीळ आहेत. मात्र वर्गीकरणात त्यांचा प्रवास उलट दिशांनी झाला.

1860च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ निकोल डाल्झेल यांनी शिवसुमनाचे वर्णन केले, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून त्यासाठी ‘फ्रेरिया’ ही स्वतंत्र प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) स्थापन केली आणि तीत ही एकच जाती होती. जवळच्या नातलगांची मांसल खोडे जवळजवळ पर्णहीन असतात, याला मात्र ठसठशीत पाने येतात, त्यामुळे ते वेगळे मानले जाणे स्वाभाविकच होते. डीएनएच्या अभ्यासानंतर हे वेगळेपण वरवरचे ठरले आणि आता त्याला ‘बौसेरोसिया’ या मोठ्या प्रजातीत ठेवले जाते. माळढोकाच्या कुळाला पूर्वी क्रौंचांच्या गणात, म्हणजे अनेक कुळांच्या मोठ्या गटात, जागा होती. आज त्या कुळाचा स्वतंत्र गण मानला जातो.

या फेरबदलांनी कड्यावरचे एकही झाड वाढले नाही किंवा कमी झाले नाही. तरीही ‘प्रजातीतील जगातली एकमेव जाती’ म्हटले की लक्ष वेधले जाते, आणि ते बिरुद गेल्यावर शिवसुमनाकडे दुर्लक्ष होऊ नये, असे मला कळकळीने वाटते. कारण ते महाराष्ट्राबाहेर कोठेही नैसर्गिकरीत्या उगवत नाही.

कायद्याचे लक्ष मात्र पक्ष्याकडेच अधिक गेले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत माळढोक आहे आणि 2011 पासून संकटग्रस्त जीवांच्या जागतिक लाल यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त अशी आहे. 1972च्या मूळ कायद्यात वनस्पतींना संरक्षणच नव्हते. 1991 साली त्यांच्यासाठी जोडलेल्या अनुसूचीत अवघ्या सहा वनस्पती होत्या आणि शिवसुमन त्यांत नव्हते.

उपायही सारखे असू शकत नाहीत. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडे जमिनीवर घालते, आणि हा जड पक्षी समोरच्या विजेच्या तारा वेळेत चुकवू शकत नाही. त्यामुळे 2019 पासून जैसलमेरमध्ये अंडी कृत्रिमरीत्या उबवली जात असली, तरी मोकळे गवताळ माळ लागणारच. शिवसुमन फांदीच्या तुकड्यापासून सहज रुजते. तथापि, एकाच झाडाचे तुकडे लावल्यास सर्व रोपे जनुकीयदृष्ट्या एकसारखी होतात, म्हणून पुनर्रोपणासाठी निरनिराळ्या कड्यांवरील झाडांचे बी आणि फांद्या वापरणे आवश्यक आहे.